ट्रकचा टायर: टिकाऊपणा कोणाचा, आराम कोणाचा?

१/११
ट्रकचे टायर बदलायची वेळ आली की दुकानात दोन प्रश्न आधी येतात: किती किलोमीटर चालेल आणि किती वजन पेलेल? गाडी किती हादरेल, हे सहसा शेवटी विचारले जाते. टायर मालक विकत घेतो, हादरे मात्र चालकाला बसतात. या तफावतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/११
जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. सायकली आणि मोटारींनी ते लवकरच स्वीकारले. ट्रक मात्र पुढेही बराच काळ भरीव रबरावरच धावत राहिले. भरीव टायर ना पंक्चर होई, ना फुटे. टिकाऊपणाची ती परमावधीच होती.

३/११
पण टायर टिकला तरी ट्रक टिकत नव्हता. रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट सांगाड्यापर्यंत पोहोचे. बोल्ट सैल होत, स्प्रिंगा तुटत, माल फुटे, रस्ताही उखडे. त्यामुळे वेग कमीच ठेवावा लागे. चालकाच्या पाठीचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता.

४/११
मग ट्रकला हवेचे टायर का लावले नाहीत? सुरुवातीच्या टायरच्या आत सुती कापड असे. त्यातील उभे-आडवे धागे वजनाखाली एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. यावरचा उपाय म्हणजे ‘कॉर्ड’ टायर: प्रत्येक थरातील धागे एकाच दिशेने आणि दोन थरांच्या मध्ये रबर.

५/११
हा टायर ट्रकचे ओझे पेलतो, हे सिद्ध करण्यासाठी ‘गुडइयर’ कंपनीने ९ एप्रिल १९१७ रोजी ओहायोतील अॅक्रनहून बॉस्टनकडे एक पॅकार्ड ट्रक रवाना केला. नाव होते ‘विंगफूट एक्स्प्रेस’, अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. चिखलाचे रस्ते आणि फुटणारे टायर यांमुळे पोहोचायला काही आठवडे लागले! परतीचा प्रवास मात्र काही दिवसांतच झाला.

६/११
पुढे या मार्गावर नियमित फेऱ्या सुरू झाल्या. जाताना टायर, येताना कनेक्टिकटमधील गिरणीचे कापड. लक्षणीय बाब अशी की कॅबमागे झोपण्याची जागा होती: एक चालक गाडी हाकी, दुसरा विश्रांती घेई. चालकाला आराम मिळाला तो ट्रक रात्रंदिवस धावता राहावा म्हणून.

७/११
१९१९ साली अमेरिकी लष्कराचा मोटार-ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. सुमारे ५,२०० किलोमीटरला ६२ दिवस लागले. अनेक जड ट्रक भरीव टायरवर होते. वाटेत कित्येक पूल मोडले. निरीक्षक म्हणून सोबत असलेला तरुण अधिकारी होता ड्वाइट आयझेनहॉवर. टायर आणि रस्ता यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा या प्रवासाचा धडा.

८/११
पुढील दोन दशकांत ट्रक हवेच्या टायरवर आले. तरी एक दोष उरला. थरांतील धागे तिरपे आणि परस्परांना छेदणारे असत. टायर फिरताना ते थर एकमेकांशी झगडत आणि उष्णता निर्माण होई. भिंत मजबूत करायची तर थर वाढवावे लागत. थर वाढले की टायर अधिक ताठ आणि अधिक तप्त होई. टिकाऊपणा आणि आराम परस्परविरोधी वाटत, ते यामुळेच.

९/११
हा पेच ‘मिशलँ’ या फ्रेंच कंपनीने सोडवला. १९४६ साली तिने रेडियल टायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५२ साली ट्रकचा रेडियल आला. यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत लवचीक, म्हणून धक्का शोषला जातो. तळ स्थिर, म्हणून झीज कमी. दोन कामे दोन भागांत वाटली गेली आणि विरोध मावळला.

१०/११
तरीही भारतीय ट्रकांवर तिरप्या थरांचा ‘नायलॉन’ टायर कित्येक दशके टिकून राहिला. यात अडाणीपणा नव्हता. जादा भार, खड्डे, कमी खरेदी-किंमत आणि रिट्रेडिंगची सोय पाहता त्याची जाड भिंत मालकाला भरवशाची वाटे. सुवर्ण चतुर्भुज महामार्ग झाले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जादा भाराविरुद्ध निर्णय दिला, तसतसे रेडियलचे गणित जुळू लागले.

११/११
तात्पर्य: आराम ट्रकच्या जगात आला तो जेव्हा जेव्हा पैशांत मोजता आला तेव्हाच, कधी वाचलेला माल म्हणून, कधी वाढलेला वेग म्हणून, कधी वाचलेले डिझेल म्हणून. म्हणून टायर निवडताना किमतीला किलोमीटरने भागावेच. पण त्या किलोमीटरभर सीटवर कोण बसणार आहे, हेही विचारावे. भरीव टायरच्या काळात तो प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्याची किंमत अखेर ट्रकनेही मोजली.