‘बेसीनेन्सिस’ : एका सागरी कवचाच्या नामाचा इतिहास

इ. स. १८९३ मध्ये मँचेस्टर येथील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या नियतकालिकात जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांनी मुंबईकडील पंचवीस नव्या सागरी कवचांची वर्णने प्रसिद्ध केली. संग्राहक होते अलेक्झांडर अ‍ॅबरक्रोम्बी. त्यांपैकी एका लहानशा, टोपीच्या आकाराच्या कवचास ‘सायफोनेरिया बेसीनेन्सिस’ असे नाव मिळाले.

बेसीन म्हणजे वसई, हे मराठी वाचकास उघड वाटेल. परंतु ब्रह्मदेशातही एक बेसीन होते (आजचे पाथेन), आणि त्या काळी दोन्ही नगरे एकाच हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली होती. निर्णय होतो तो मेल्व्हिल यांच्या लेखाच्या शीर्षकातील ‘मुंबई’ या शब्दावरून. प्राण्याची राहणीही तीच साक्ष देते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकाला तो चिकटून राहतो. ब्रह्मदेशातील बेसीन हे तर इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातले, समुद्रापासून बरेच आत असलेले नदीबंदर.

हा प्रश्न केवळ स्थलनामाच्या हौसेचा नव्हे. बाहेरून पाहता हे कवच ‘पटेला’ या सागरी कुळातील कवचासारखेच दिसते, आणि या साम्याने जुने संग्राहक फसले. सोवर्बी यांनी १८२३ मध्ये सायफोनेरिया ही प्रजाती वेगळी केली. कवचाच्या आत स्नायूचा नालाकृती ठसा असतो. पटेलात त्याचे तोंड डोक्याच्या बाजूस उघडते, तर सायफोनेरियात उजव्या बाजूस खंड पडून तेथे एक पन्हळ दिसते. या वाटेने हवा आत जाते, कारण हा प्राणी समुद्रात राहूनही ओहोटीच्या वेळी हवेत श्वसन करतो. प्रजाती अशी ओळखता येते. जातींचे मात्र तसे नाही. खडक व लाटा यांनुसार कवचाची उंची आणि त्यावरील रेषा बदलतात. हुबेंडिक यांचा १९४६ चा प्रबंध अंतर्रचनेकडे वळला तो यामुळेच, आणि अलीकडे आनुवंशिक द्रव्याची परीक्षा होऊ लागली आहे. तिला मूळ ठिकाणचे ताजे नमुने लागतात. म्हणजे कोणते बेसीन, हे आधी ठरले पाहिजे.

कोकणातील संग्रहांबाबतही हेच तारतम्य हवे. एखाद्या कवचासोबतच्या चिठ्ठीवर ‘संगमेश्वर’ लिहिलेले आढळले, तर ते संगमेश्वरच्या नदीकाठचे समजणे चुकीचे होईल. असा प्राणी शोधायचा तो शास्त्री नदी जयगडापाशी समुद्रास मिळते तेथील कातळावर. चिठ्ठीवरील नाव बहुधा संग्राहकाच्या मुक्कामाचे असेल.