बुरशीला साठ तास

मंगळवार, २६ जुलै २००५, दुपारी ३. समुद्राला मोठी भरती, वर आभाळ फाटलेले. मिरा-भाईंदरच्या बाजूला खाडी, भोवती मिठागरे आणि पाणथळ. तुंबलेले पाणी जाणार कुठे? तळमजल्यावर ते दारातून येण्याआधी मोरीतून वर येते.

रात्री ९. उरले ६० तास. घर कुणाचेही धरा. वीज गेलेली. माणसे, तांदळाचा डबा आणि रेशनकार्डाची पिशवी पहिल्या मजल्यावर पोचली; पुस्तके खालीच राहिली, आणि तेच बरोबर होते. खालच्या फळीवर नेहमी जड ऐवज असतो: विश्वकोशाचे खंड, दिवाळी अंकांचे गठ्ठे, लग्नाचा अल्बम. कागद पाणी पिऊन फुगतो आणि पुस्तके फळीत अशी आवळून बसतात, की पुठ्ठ्याला धरून ओढले तर पुठ्ठाच हातात येतो.

बुधवार, सकाळी ९. उरले ४८. साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, कुलाब्याला जेमतेम ७३. पाणी ओसरते आहे आणि घरात सुटकेचा निःश्वास. खरा धोका मात्र आता सुरू होतो. बुरशीचे बीजाणू पुराबरोबर आलेले नसतात. ते धुळीत, पानांच्या बेचक्यांत आधीपासून असतात. त्यांना हवी असते फक्त ओल, आणि ४८ ते ७२ तास.

दुपारी ३. उरले ४२. कुणीतरी कपाटात डांबरगोळ्या टाकून दार लावते. त्याने कसर दूर राहील. बुरशीला मात्र बंद, दमट कपाट आयतेच मिळाले. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक आधी हाताळायला हवेत. त्या कागदावरचा लेप ओला असतो तोवरच पाने सुटतात. वाळला की अंकाची वीट होते.

घड्याळ थांबवायचा एकच उपाय, गोठवणे. जवळच्या उत्तनच्या कोळ्यांना बर्फाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पुस्तकालाही तोच न्याय. १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली, तेव्हा बंबांच्या पाण्याने भिजलेली पुस्तके शीतगृहांत गोठवली होती. हजारो पुस्तके नागरिकांनी घरी नेऊन वाळवली. इथे वीजच नाही, तर फ्रीझर कुठला?

गुरुवार, सकाळी ९. उरले २४. दिसत काही नाही, पण कुबट वास सुटला आहे. अजूनही पुस्तके उभी करून, पाने किंचित उघडी ठेवून, मध्ये कोरे कागद घालून ते सारखे बदलता येतील. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. खिडक्या उघडून फारसा उपयोग नाही. बाहेरची हवाच ओली. पंखा हवा, आणि तो बंद आहे.

शुक्रवार, सकाळी ९. विश्वकोशाच्या कापडी बांधणीवर, जिथे खळ लावलेली तिथेच, पांढरी लव. दोन दिवसांत ती हिरवी-काळी होईल. ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे ती पानभर सारवणे. मास्क लावायचा, दम्याच्या माणसाला लांब ठेवायचे. बाधित पुस्तके वेगळी काढून आधी खडखडीत वाळवायची, मग घराबाहेर मऊ ब्रशने झाडायची. डाग राहतात ते राहतातच.

याच पावसात चिपळूणच्या, १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले होते. २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरले. तिथे जुने ग्रंथ निवडून वाचवावे लागतात. घरात निवड त्या मानाने सोपी: विश्वकोश परत मिळतो, आजीची पाककृतींची वही मिळत नाही. आधी वही.