कुत्र्याने न पचणारी वस्तू गिळणे

कुत्रा घास चावत बसत नाही, गिळतो. त्यामुळे पोटात काय गेले हे घरच्यांना बहुधा ओकारी झाल्यावरच कळते. उमरखेड तालुक्यातील (जि. यवतमाळ) ढाणकीसारख्या बाजाराच्या गावी शिजलेली हाडे, आंब्याची कोय, दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस, सुतळी आणि उष्ट्यासकट फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कुत्र्याला सहज सापडतात.

यांत कोय आणि कणीस सर्वांत फसवे. लहान हाड जठरातल्या आम्लात बरेचसे विरघळते. कोयीचे कवच मात्र जसेच्या तसे राहते. ते कित्येक दिवस जठरात पडून राहू शकते. कुत्रा मधूनच ओकतो, मधूनच बरा दिसतो आणि एक दिवस कोय लहान आतड्यात उतरून वाट बंद करते. एक्स-रेत कोय आणि कणीस नीट उठून दिसत नाहीत. म्हणून काय खाल्ले ते डॉक्टरांना आठवून सांगावे, उरलेला तुकडा सोबत न्यावा.

सुतळीचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, उरलेली पुढे सरकते; आतडे तिच्यावर चुण्यांसारखे गोळा होऊन कापले जाते. जीभ उचलून जरूर पाहावी, पण कुठल्याही टोकाने सुतळी ओढू नये.

मिठाचे पाणी पाजून ओकवण्याची पद्धत घातक आहे, ती बंदच व्हायला हवी. त्याने रक्तातले सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. एरंडेलही पाजू नये. ओकारी डॉक्टरांनीच करवावी, तीही साधारण २ तासांच्या आत आणि वस्तू टोकदार नसेल तरच. कुत्रा खेळता, खातापिता असेल तर लहान वस्तू बहुधा १ ते ३ दिवसांत विष्ठेतून पडते. तोवर रोज विष्ठा तपासावी. हाडे जास्त खाल्लेला कुत्रा कुंथतो, खडूसारखी पांढरी, कडक शी करतो.

पाणीही पोटात टिकत नसेल, पोट ताठ असेल, शी बंद असेल, तर थांबू नये. आधी गुरांचा दवाखाना गाठावा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर विचारावे. शस्त्रक्रियेसाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ढाणकीहून नागपूरपेक्षा जवळ पडते.

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत लाळ गळणे, अंग थरथरणे, बाहुल्या बारीक होणे दिसले तर ते अपचन समजू नये. ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळावे लागते. फवारणीच्या औषधाची बाटली सोबत न्यावी.