स्फूर्तीची वाट आणि अंकाची तारीख

लेखनाच्या प्रेरणेविषयी बोलताना आपल्याकडे 'प्रतिभा' आणि 'स्फूर्ती' हे दोन शब्द हटकून येतात. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही एकत्र घेतली आहेत. आपण मात्र पहिल्या पदाला देव्हाऱ्यात बसवले आणि तिसरे पद उंबऱ्याबाहेर ठेवले. त्यामुळे 'सुचत नाही' हे न लिहिण्याचे पुरेसे कारण ठरते. साहित्याचे विद्यार्थी हे कारण देतात आणि आम्ही शिकवणारेही ते मुकाट्याने मान्य करतो. मराठी लेखनाचा इतिहास जरा निरखून पाहिला, तर हे कारण आपल्या पूर्वसुरींना फारसे परवडलेले दिसत नाही.

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींची सरळता, दोन ओळींतील मोकळीक, शाई, कागद, लेखण्या आणि त्या तासण्याचे चाकू यांचा विचार समर्थ तेथे करतात. हा समास मुख्यतः पोथी उतरवून घेणाऱ्यासाठी आहे, रचना करणाऱ्यासाठी नाही, हे खरे. तरीही लेखन हे हाताने नेमाने करायचे काम आहे, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते. ही जाणीव नकलेकडून स्वतंत्र रचनेकडे वळली ती छापखाना आणि नियतकालिके आल्यानंतर. छापील अंकाला तारीख असते आणि त्या तारखेला वाचक वाट पाहत असतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यलेखकाची रोजची प्रेरणा शोधायची, तर ती या तारखेत शोधावी लागते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1874 च्या जानेवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. वडील कृष्णशास्त्री यांच्याबरोबर 'शालापत्रका'त लिहून त्यांचा हात बसला होता. संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध तेथेच आले. 'माले'चे एकूण 84 अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांचा आहे. 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 1880 च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि 1881 मध्ये 'केसरी' व 'मराठा'. 1882 च्या मार्चमध्ये, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते वारले. इतक्या थोड्या वर्षांत इतके लेखन कसे झाले, याचे उत्तर 'अलौकिक प्रतिभा' असे देऊन मोकळे होता येते. परंतु पुढच्या अंकाची पाने भरायची आहेत, या निकडीचा वाटाही त्यात मोठा होता, असे आम्हांस वाटते.

त्यांनी ज्यांच्यावर मोठ्या प्रेमाने विस्तृत निबंध लिहिला, त्या डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांची परंपराही हीच. जॉन्सन यांचे 'रॅम्बलर' 1750 ते 1752 या काळात आठवड्यातून दोनदा निघे. त्याच्या 208 अंकांपैकी मोजके सोडता सर्व त्यांनी एकट्याने लिहिले. त्यांची 'रासेलस' ही कथा तर, बॉस्वेलच्या नोंदीप्रमाणे, आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी एका आठवड्याच्या संध्याकाळी लिहून झाली. त्याच 'रासेलस'चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी आरंभले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. जॉन्सन यांच्याकडून विष्णुशास्त्र्यांनी शैलीचे धडे घेतले, हे आपण वर्गात सांगतो. एकट्याने नियतकालिक चालवण्याची हिंमतही त्यांना तेथूनच मिळाली असावी, हे सांगायचे सहसा राहून जाते.

विष्णुशास्त्र्यांच्या निधनानंतर त्यांच्या एका विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' ही कविता लिहिली. हा विद्यार्थी म्हणजे हरि नारायण आपटे. गुरूचा वारसा त्यांनी निबंधाऐवजी कादंबरीत चालवला, पण साधन तेच : नियतकालिक. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवले. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी तेथे क्रमशः आली. यमूची कहाणी वाचकांनी एका बैठकीत वाचली नाही. आठवड्यामागून आठवडा ती त्यांच्या घरी येत राहिली. तिच्यातील बारीकसारीक घरगुती तपशील, सावकाश उलगडणारे प्रसंग, वाचकाशी बोलण्याची लकब, या सर्वांवर त्या साप्ताहिक भेटीचा ठसा आहे. लहान कथांना आपट्यांनी 'स्फुट गोष्टी' म्हटले. मराठी कथेच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पाही अंकाच्या गरजेशी जोडलेला आहे.

मात्र या नेमाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. आपट्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाची तक्रार समीक्षकांनी वारंवार केली आहे, आणि 'मायेचा बाजार' व 'कर्मयोग' या त्यांच्या उत्तरकाळातील कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. अंकाची तारीख लेखकाला मेजापाशी बसवते. बसल्यावर काय लिहायचे, ते ती पुरवत नाही. ते जगण्यातूनच यावे लागते. आपटे आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत होते आणि पुण्याच्या सार्वजनिक जीवनात वावरत होते. बालविवाह, केशवपन, संमतिवयाचा वाद हे सारे त्यांच्या भोवती घडत होते. तारीख आणि अनुभव यांची गाठ पडली, तेथे यमू जन्मली. नुसती तारीख उरली, तेथे पाने भरली.

1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तारखेला सणाचे रूप आले. तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षात एक नवा हंगाम आहे. शेतकरी मृगाकडे पाहतो, तसा लेखक संपादकाच्या पत्राकडे पाहू लागला. दिवाळीसाठी 'पाडलेल्या' कथांची चेष्टा आपण करतो, आणि ती रास्तही आहे. पण दिवाळी अंक नसते, तर आपल्या कथेचा किती भाग लिहिलाच गेला नसता, याचाही हिशेब कधीतरी मांडावा.

इथवर आलेली सारी नावे पुरुषांची आहेत, आणि हा योगायोग नाही. अंक, छापखाना, संपादकाचे पत्र ही साधने ज्यांच्या हाती नव्हती, त्यांचा नेम कोणता? उत्तर जात्यापाशी मिळते. पहाटेचे दळण ही रोजची ठरलेली वेळ होती, आणि खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओवी येत होती. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. एवढ्या मोठ्या निर्मितीला 'स्फूर्ती' म्हणायचे, तर ती रोज, कामाच्या वेळी, दमलेल्या अंगात येत होती असे म्हणावे लागेल. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरातली आणि शेतातली कामे करता करता त्या गाणी रचीत. मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने ती टिपून ठेवली, म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती ग्रंथरूपाने आली. टिपणारे कोणी नसते, तर? अशा किती बहिणाबाई दळणाबरोबर पिठात विरून गेल्या असतील, हा प्रश्न इतिहासकाराला अस्वस्थ करणारा आहे.

लक्ष्मीबाई टिळक या दोन जगांच्या मधल्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. स्वयंपाकघर, भांडणे, प्रवास, दुष्काळ, प्लेग यांतूनच तो ग्रंथ उभा राहिला. दैनंदिन जगणे लेखनाआड येते, अशी तक्रार करणाऱ्याने हे पुस्तक पुन्हा उघडावे. तिथे आड आलेले तेच जगणे लेखनाचे द्रव्य झाले आहे.

या साऱ्यांतून एक सूत्र हाती लागते. प्रेरणा रोजची व्हायला दोन गोष्टी लागतात : एक ठरलेली वेळ आणि एक वाट पाहणारा माणूस. विष्णुशास्त्र्यांना वर्गणीदार होता, आपट्यांना पुढच्या प्रकरणासाठी खोळंबलेले घर होते, जात्यावरच्या बाईला समोर बसून दुसरा हात लावणारी सोबतीण होती.

आमच्या वर्गांत नेमके हेच उरलेले नाही. विद्यार्थी लिहितो ते परीक्षकासाठी. आणि परीक्षक वाट पाहत नाही, तो फक्त तपासतो. मराठी विभागाचे भित्तिपत्रक आणि वार्षिक हस्तलिखित ही साधी साधने अजून अनेक महाविद्यालयांत नावापुरती आहेत. भित्तिपत्रक दर सोमवारी बदलले आणि ते वाचायला चार जण थांबले, तर तेथे लिहिणाऱ्या मुलीला स्फूर्ती कुठून आणायची हे शिकवावे लागणार नाही. रविवारी रात्री ती लिहायला बसेल. त्यातले बरेचसे सामान्य असेल. 'करमणूक'च्या जुन्या फाइली चाळल्या, तर त्यातलेही बरेचसे सामान्यच आहे. यमू त्याच पानांतून आली.