आसरा, पऱ्या आणि ब्रिजेटचं शिलाई मशीन



कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली हल्ली मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यात पऱ्यांच्या कादंबऱ्या पुष्कळ असतात. एखादी मुलगी रानात वाट चुकते, जुन्या टेकडीच्या पोटात दार उघडतं, आत पऱ्यांचं राज्य लागतं. तिथलं काही खाल्लं की घरी परत येता येत नाही. मुलगी हे सांगायला लागली की आजी मध्येच म्हणते, "अगो, हे तर आपल्या कोंडावरच्या आसरांसारखंच झालं!" आजीचं काही चुकत नाही.

अशा बऱ्याच कादंबऱ्यांचं मूळ आयर्लंडच्या जुन्या कथांत आहे. आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचं बेट. आपल्या कोकणासारखंच पावसाचं, हिरवंगार, आणि पोटासाठी मुलांना लांब पाठवणारं. आपली मुलं मुंबईला गेली, तिथली अमेरिकेला. तिथली पुराणकथा सांगते की, फार पूर्वी त्या बेटावर दानू देवीची प्रजा राहत होती. नंतर दुसरे लोक आले, लढाई झाली, आणि हरलेली ही देवांसारखी माणसं टेकड्यांच्या पोटात राहायला गेली. याच आयर्लंडच्या पऱ्या. चित्रातल्यासारख्या बोटभर उंचीच्या आणि पंखांच्या नव्हेत, तर माणसाएवढ्या, मानी आणि चटकन रागावणाऱ्या.

तिथले शेतकरी त्यांचं नावसुद्धा घेत नसत. 'भली माणसं' म्हणत. आपण नाही का, रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता 'लांबडं' म्हणतो, तसंच. मातीचे गोल जुने उंचवटे आणि शेतात एकटंच उभं असलेलं काटेरी झाड ही त्यांची ठिकाणं. तिथे नांगर घालायचा नाही, कुऱ्हाड चालवायची नाही. हे सगळं जुनं झालं असंही नाही. १९९९ साली तिथल्या क्लेअर परगण्यात मोठा रस्ता होणार होता आणि वाटेत पऱ्यांचं मानलेलं एक झाड येत होतं. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता झाला.

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडे देवरहाटी आहे, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेलं रान. तिथे कोयता लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा. कितीतरी देवरहाट्यांत पाण्याचा झरा असतो. आणि झरा, विहीर, वहाळातला खोल कोंड म्हटलं की साती आसरा आल्याच. अप्सरा या शब्दावरून आसरा झालं. 'परी' हा शब्द मात्र फारसीतून आपल्याकडे आला. आसरा सात बहिणी. त्यांना हिरवा खण, हळद-कुंकू, भाताचा नैवेद्य द्यायचा. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला त्यांच्या पाण्यावर एकटीदुकटीने जायचं नाही. पाण्यात घाण करायची नाही.

या भीतीचा उपयोगही होता. कोंडाच्या काठाला कुंपण नव्हतं, पण पोर तिकडे एकटं जात नव्हतं. झऱ्यावर पहारा नव्हता, पण पाणी स्वच्छ राहत होतं. उन्हाळ्यात हंडे घेऊन पाखाड्या चढणाऱ्या बाईला राखलेल्या झऱ्याची किंमत कुणी सांगायला नको.

या आपल्या गोष्टी कागदावर कशा आल्या, तोही इतिहास ऐकण्यासारखा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आर्थर जॅक्सन नावाचा इंग्रज अधिकारी लोकांच्या समजुती, व्रतं, भुताखेतांच्या गोष्टी जमवत होता. संस्कृतचा अभ्यासक म्हणून त्याचं नाव होतं. गावोगावच्या शाळामास्तरांनी त्याच्यासाठी माहिती लिहून दिली. पुढे तो नाशिकचा कलेक्टर झाला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. हुतात्मा कान्हेरे आपल्या खेड तालुक्यातले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. जॅक्सनने जमवलेले कागद मागे राहिले. त्यातून एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचं इंग्रजी पुस्तक तयार केलं. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या मास्तरांनी पाठवलेली माहिती जागोजाग आहे. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता. तो १९८१ साली वेगळा झाला.

पुस्तकात खाली टीप असते ती अमुक गावचा शाळामास्तर अशी. पण मास्तरांना तरी हे कुणी सांगितलं असेल? खण कोणत्या रंगाचा, नैवेद्य कशाचा, बाळंतिणीने काय पाळायचं, हे घरातल्या बायकांवाचून कोण सांगणार? त्या आई-आजींचं नाव मात्र कुठेच नाही.

या पुस्तकात भुतांचे प्रकारही दिले आहेत. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेली बाई. अलवंतीण आणि हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेलेली. आणि आसरांबद्दल एक समजूत अशी, की मुलंबाळं झालेल्या ज्या बायकांनी पाण्यात उडी टाकून जीव दिला, त्यांच्या आसरा झाल्या. ही यादी सलग वाचली की भुताची भीती मागे पडते आणि वेगळंच काही दिसायला लागतं. गावात बायका कशा मरत होत्या, त्याचीच ही नोंद आहे. सुईणीच्या हातून वाचली नाही ती हडळ झाली. सासरी सोसवलं नाही आणि विहीर जवळ केली ती आसरा झाली. जिवंतपणी तिला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही, मेल्यावर मात्र हिरवा खण दिला.

आयर्लंडने आपल्या गोष्टी जमवल्या त्या निराळ्या तऱ्हेने. देश स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने लोककथांसाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,००० च्या वर मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. त्यातून लाखो पानं जमली. आज ती कुणालाही वाचता येतात. अनेक पानांवर गोष्ट सांगणाऱ्याचं नाव आणि गावही आहे. तिथे आजीचं नाव राहिलं.

पण मैत्रिणींनो, पऱ्यांच्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. कादंबरीत ती रंगवून येते. खऱ्या आयुष्यात ती एका बाईच्या जिवावर उठली.

आयर्लंडमध्ये असं मानत की, पऱ्या एखाद्या तरुण बाईला पळवून नेतात आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी बदली ठेवतात. घरातली बाई आजारी पडली, चिडचिडी झाली, गप्प झाली, तर ही आपली नव्हेच म्हणायचं. मग जडीबुटी पाजायची, विस्तवाचा धाक दाखवायचा, म्हणजे खरी परत येते.

टिपरेरी परगण्यात बॅलीवॅडली नावाच्या गावी ब्रिजेट क्लिअरी राहत होती. वय पंचविशीच्या पुढे. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती कपडे शिवायची. तिचं स्वतःचं शिलाई मशीन होतं. कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, हातात चार पैसे असायचे. आपल्या गटातल्या कितीतरी जणींचं चित्र हेच आहे ना? मार्च १८९५ मध्ये ती तापाने आजारी पडली. डॉक्टरला निरोप गेला, पण तो यायला काही दिवस गेले. तेवढ्यात नात्यातल्या एका म्हाताऱ्याने बोलून टाकलं, ही ब्रिजेट नव्हेच.

नवरा, बाप आणि नात्यातले भाऊ यांनी तिला धरून दुधात उकळलेली जडीबुटी जबरदस्तीने पाजली. अंगावर मूत्र टाकलं. चुलीच्या विस्तवावर धरलं आणि पुन्हापुन्हा विचारलं, तू मायकेल क्लिअरीची बायको ब्रिजेटच ना? ती हो म्हणत होती. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळलं. नंतर तो तिथल्या पऱ्यांच्या उंचवट्यापाशी जाऊन थांबला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल, अशी त्याची वाट पाहणी होती. आठवडाभराने पोलिसांना पुरलेलं प्रेत सापडलं. नात्यातल्याच एका बहिणीने कोर्टात डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, म्हणून खटला उभा राहिला. नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्यातली १५ भोगून तो सुटला.

त्या घरात त्या दिवसांत बरीच माणसं ये-जा करत होती. शेजारी होते, नातेवाईक होते. तरी एकानेही तिचा हात धरून तिला दाराबाहेर काढलं नाही. पऱ्यांची गोष्ट त्या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली होती, आणि तिचं बोट या वेळी घरातल्याच बाईकडे वळलं होतं.

हे फक्त तिकडचं म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे अंगात आलंय म्हणून बाईला साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे होत आलं आहे. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर आजारी पडलं, की एखाद्या एकट्या बाईवर 'करणी करते' असा ठपका ठेवला जातो. याच्या विरोधात कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, धुरी, चटके, मूत्र-विष्ठा तोंडात घालणं हे सगळं या कायद्याने गुन्हा आहे. अमकी बाई करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं पसरवणं हाही गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसवणं, हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि वर दंड. पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना हा कायदा हात लावत नाही. म्हणजे आसरांची ओटी तुम्ही खुशाल भरा. पण आसरांचं नाव घेऊन कुणी बाईच्या अंगाला हात लावला, तर तो गुन्हेगार.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करता येतील. एक म्हणजे साधी वही घाला. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, आसरा कुठल्या पाण्यावर आहेत, तिथे काय पाळतात, का पाळतात, आणि कोणत्या बाईची ती गोष्ट. लिहिताना सांगणारीचं नाव आणि वाडीचं नाव विसरू नका, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत 'अमुक गावचा शाळामास्तर' एवढंच उरणार नाही. मुली इंग्रजी पऱ्यांच्या कादंबऱ्या वाचतात तर वाचू द्या. त्यांनाच वही लिहायला बसवा. उद्या त्यातली एखादी आपल्या कोंडाची कादंबरी लिहील.

दुसरी गोष्ट आधीच ठरवून ठेवा. वाडीत कुठल्याही बाईबद्दल 'हिला लागलंय' किंवा 'हिनेच केलंय' असा शब्द उठला, तर त्याच दिवशी गटातल्या चार-पाच जणींनी तिच्या घरी जायचं. आजार असेल तर आशाताईंना घेऊन तिला दवाखान्यात न्यायचं. हात उगारला गेला तर पोलीस पाटलांना कळवायचं आणि ११२ ला फोन लावायचा. ब्रिजेटच्या घरात त्या रात्री माणसं होती, पण तिच्या बाजूने उभी राहणारी बाई बोलली ती कोर्टात, ब्रिजेट गेल्यावर. आपण आधी जाऊ या.