तांब्याच्या कांबी आणि मिटलेला ग्रंथ

सतराव्या शतकातील आशियाई व्यापाराचा विचार करताना आपणांस मिरी, लवंग, जायफळ आणि तलम कापड यांचीच आठवण होते. परंतु या सर्व देवघेवीचा आधार धातू हा होता, आणि त्याचा एक मोठा झरा जपानमध्ये होता. इवामी प्रांतातील खाणींचे रुपे सोळाव्या शतकापासूनच परदेशी जात होते. इ. स. १६०९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने हिरादो येथे वखार घातली. डच व्यापारी तेथे चिनी रेशीम आणीत आणि मोबदल्यात रुपे नेत. जपानी धातूच्या मोलाने हिंदुस्थानात कापड घ्यावे, त्या कापडावर पूर्वेकडील बेटांत मसाले मिळवावेत आणि ते युरोपात विकावेत, अशी ही साखळी होती.

याच काळात जपानी ख्रिस्ती मंडळीवर घोर संकट कोसळले. इ. स. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. जाचक कर आणि छळ यांनी गांजलेल्या शिमाबारा व आमाकुसा येथील शेतकऱ्यांनी १६३७ मध्ये बंड केले. त्यांनी हारा किल्ल्याचा आश्रय घेतला, तेव्हा शासनाच्या मागणीवरून एका डच जहाजाने त्या किल्ल्यावर तोफा डागल्या. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढण्यात आले. पुढील वर्षी हिरादोच्या नव्या कोठारावर ख्रिस्ती सनाचा आकडा कोरलेला आहे, एवढ्याच कारणावरून ते पाडण्याचा हुकूम झाला. वखारीचे प्रमुख फ्रान्स्वा कारोन यांनी तो निमूटपणे पाळला. १६४१ मध्ये डचांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या पंखाच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर हलविण्यात आले. तेथे उघड उपासनेस मनाई होती. जहाज येताच धर्मग्रंथ पेटीत बंद करून ठेवावे लागत.

१६६८ मध्ये शासनाने डचांना रुपे नेण्यास बंदी केली. तेव्हा तांब्याचे महत्त्व वाढले. ओसाका येथील भट्ट्यांत कच्च्या तांब्यात शिसे मिसळून त्यातील रुपे वेगळे काढीत. या रीतीस ‘नानबान-बुकी’ असे नाव होते, आणि ‘नानबान’ म्हणजे दक्षिणेकडून जहाजांनी आलेले पोर्तुगीज व स्पॅनिश परके. माणसे हद्दपार झाली, पण त्यांचे नाव भट्टीत राहिले! शुद्ध तांब्याच्या लाल झळाळीच्या लहान कांबी ओतून त्या लाकडी पेट्यांत भरीत. एका पेटीत १०० किन्, म्हणजे सुमारे ६० किलो माल असे. हे तांबे सुरत, बंगाल आणि कोरोमांडल किनाऱ्यावर विकले जाई. येथे पैशांसाठी व भांड्यांसाठी त्याला सतत मागणी होती.

या मालाची खरी किंमत खाणीत मोजली जात होती. सुमितोमो घराण्याने १६९१ मध्ये शिकोकू बेटावर बेश्शीची खाण सुरू केली. १६९४ मध्ये तेथे लागलेल्या आगीत १३२ जण मृत्युमुखी पडले. पुढे धातूचा साठा घटत चालल्याचे पाहून शासनाने १७१५ मध्ये डचांना वर्षाकाठी दोन जहाजे आणि १५ लाख किन् तांबे, म्हणजे सुमारे ९०० टन, अशी मर्यादा घातली. आराई हाकुसेकी या विद्वान मंत्र्याचा या धोरणात मोठा वाटा होता.

या व्यापाऱ्यांचा न्याय आपण कसा करावा? ते परक्या भूमीवर, परक्या कायद्याखाली होते, आणि विरोधाचे फळ त्यांना ठाऊक होते. १६४० मध्ये व्यापार पुन्हा सुरू व्हावा म्हणून मकावहून आलेल्या पोर्तुगीज वकिलातीतील ६१ जणांचा शिरच्छेद झाला होता. तरीही मौन पाळणे वेगळे आणि तोफ डागणे वेगळे, हा भेद आपण पुसू नये.

त्याच नागासाकीजवळ उराकामी गावातील शेतकऱ्यांनी धर्मगुरूंवाचून दोन शतकांहून अधिक काळ आपली श्रद्धा गुप्तपणे जतन केली. डच कंपनी १७९९ मध्ये संपुष्टात आली. १८६५ मध्ये ओउरा येथील नव्या चर्चमध्ये येऊन उराकामीच्या काही लोकांनी फादर पेतीजाँ यांच्याजवळ आपली ओळख प्रकट केली. त्यानंतरही त्यांनी हद्दपारी सोसली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. ज्यांच्यापाशी ग्रंथ होता त्यांनी तो पेटीत ठेवला, आणि ज्यांच्यापाशी तो नव्हता त्यांनी प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना दिली. मंडळीचा इतिहास लिहिताना या दोन्ही नोंदी आपण एकाच पानावर ठेवल्या पाहिजेत.