दीपाचा रंग

परवा नातीने विचारलं, "आजी, त्यांना खरीखुरी सावळी मुलगी मिळाली नाही का गं?"

‘रंग माझा वेगळा’चा जुना भाग चालू होता. २०१९ ते २०२३ चाललेली ही मालिका. दीपा सावळी, म्हणून सासूला नकोशी. सासूचं नाव सौंदर्या! दीपाचं काम करणाऱ्या रेश्मा शिंदे मात्र मुळात गोऱ्या, रंग मेकअपचा. मी काय उत्तर देणार?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. काही वर्षांनी डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत एका घरी टीव्ही आला. कृष्णधवल, त्यामुळे सगळेच करडे! रंग आले १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. १९८५ मधली ‘रजनी’ आठवते ना? प्रिया तेंडुलकर भल्याभल्यांना जाब विचारायच्या आणि आम्ही शिक्षिका स्टाफरूममध्ये त्यावर तावातावाने बोलायचो. मग सह्याद्रीवर ‘दामिनी’तली पत्रकार आली, १९९९ मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’तली सुधा जोशी. बाईला डोकं असतं, हे मराठी टीव्हीने तसं लवकर मान्य केलं. पुढे सासवा-सुनांनी त्यावर पाणी फिरवलं, असो.

रंगाचं मात्र वेगळंच. २००५ साली झी टीव्हीवर ‘सात फेरे’ आली. त्यातली सलोनी झालेली राजश्री ठाकूर ही आपली मराठी मुलगी, खरोखरच सावळी. त्यानंतर चौदा वर्षांनी आम्ही गोऱ्या मुलीला रंग फासला! गोरेपणाच्या त्या प्रसिद्ध क्रीमनेही २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. ट्यूबमधलं बदललं का, देव जाणे.

पण टीव्हीला नावं ठेवणारी मी कोण? १९८८ च्या सुमारास गॅदरिंगला ‘सत्यवान-सावित्री’ बसवलं होतं. वर्गात सर्वांत चोख पाठांतर होतं एका सावळ्या मुलीचं. सावित्री मी दुसरीला दिली. हिला म्हटलं, "तुझा आवाज खणखणीत आहे, तू यम हो." तिने यम असा काही केला की टाळ्या तिलाच पडल्या.

गेल्या दिवाळीत पहाटे फडके रोडवर ती भेटली. वाकून नमस्कार केला. सोबत तिची मुलगी, आईच्याच वर्णाची.

"बाई, मी यम झाले होते, आठवतं?"

"नाही गं," मी म्हटलं, "किती वर्षं झाली!"

चांगलं आठवत होतं.